टाके ओढल्यासारखं वाटतं, पण ओढतं नेमकं काय?

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा: एल४-एल५ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याला, स्क्रू-रॉड घालून मणके जोडले, त्याला दहा आठवडे झाले. पायातली कळ गेली, एक्स-रे बघून सर्जन समाधानी आहेत. पण वाकलं, खोकला आला किंवा सकाळी पलंगावरून उठलं की टाक्यांच्या जागी ओढ बसते आणि आता उसवणार असं वाटतं. शेजारच्या काकू तिळाचं तेल लावून जोरात चोळायला सांगतात. कमरेचा पट्टा काढायची हिंमत होत नाही आणि जुलैत कळव्याहून ऐरोलीच्या ऑफिसला जायचंय. मी ठाण्यात फिजिओथेरपी करते. मणक्याच्या ऑपरेशननंतरची मंडळी रोज समोर असतात आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं गाऱ्हाणं हेच असतं.

तुम्ही विचारलंय "चोळू की नको". त्याचं उत्तर पुढे देतेच. पण त्याआधी बघायला हवं की ओढतंय कोण: वरची कातडी, तिच्याखालचे स्नायू की नस. तिघांचं दुखणं एकाच जागी जाणवतं, उपाय मात्र तीन वेगळे आहेत. कातडीसाठी सांगितलेली मालिश स्नायूच्या आखडण्यावर केली तर नुसता वेळ जातो, आणि नसेवर केली तर त्रास वाढतो.

आधी भीतीचं बघू. दहाव्या आठवड्यात खोकल्याने किंवा वाकण्याने टाके उसवत नाहीत. वरचे टाके किंवा पिना साधारण दोन आठवड्यांत काढतात. आतले विरघळणारे धागेही एव्हाना बहुतेक विरत आलेले असतात. आता जखम धरून ठेवलीय ती तुमच्या शरीराने तिथे नव्याने तयार केलेल्या कोलॅजनने, म्हणजे प्रथिनाच्या चिवट धाग्यांनी. कापलेल्या त्वचेची ताकद तीन आठवड्यांनी मूळच्या जेमतेम २० टक्के असते, तीन महिन्यांच्या सुमारास ती ८० टक्क्यांच्या आसपास जाते. त्यापुढे ती फारशी वाढत नाही, पण रोजच्या व्यवहाराला तेवढी पुरते. व्रणाची आतली घडण मात्र वर्ष-दीड वर्ष बदलत राहते. म्हणून आज लालसर, टणक आणि खाजरी असलेली रेघ पुढच्या वर्षी फिकट आणि मऊ झालेली दिसते. हे सगळं जखम नीट कोरडी भरली असेल तर. मधुमेह असेल, मधे पाणी किंवा पू आला असेल, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील किंवा त्याच जागी आधी एक ऑपरेशन झालेलं असेल तर हिशोब लांबतो. तुम्ही यातलं काही लिहिलेलं नाही, म्हणून नाही असं धरून चालते.

आता आत काय झालं ते थोडक्यात. पाठीच्या मधून मणक्यापर्यंत जाताना त्वचा आणि चरबी कापली जाते, मग कमरेवरचं जाड पांढरं आवरण उघडलं जातं. मणक्याला दोन्ही बाजूंनी बिलगलेले मल्टिफिडस नावाचे स्नायू हाडापासून सोडवून बाजूला ओढून धरले जातात, आणि ऑपरेशन संपेपर्यंत ते तसेच दाबाखाली असतात. स्क्रू घालायचे तर जागा मोठी लागते. शिवाय ज्या छोट्या नसा या स्नायूंना चालवतात त्यांनाही थोडाफार मार बसतो. बाहेरून दिसणारी रेघ तळहाताएवढी असली तरी आतलं काम तिच्यापेक्षा बरंच रुंद असतं. दुर्बिणीतून किंवा बाजूच्या छोट्या छेदांतून ऑपरेशन झालेल्यांना हा भाग कमी त्रास देतो, म्हणून "माझ्या मावसभावाला तर काहीच नाही झालं" ही तुलना मनावर घेऊ नका.

घरच्या कोणाला तरी मदतीला घ्या, कारण ही जागा स्वतःला दिसत नाही. कुशीवर झोपा, गुडघ्यांत उशी. त्यांनी हात धुऊन दोन बोटं व्रणावर सपाट ठेवायची आणि बोटं न घसरवता त्यांच्याखालची कातडी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी हलकेच सरकवून बघायची. मग व्रणापासून चार बोटं दूर, चांगल्या कातडीवर तेच करायचं. दोन्हीकडे सारखी सरकत असेल तर तुमची ओढ कातडीची नाही. एखाद्या ठिकाणी कातडी आत खेचलेली दिसत असेल, सरकवायला गेलं की अडत असेल आणि तुम्ही "हो, हीच ती ओढ" म्हणत असाल, तर तिथे व्रण खालच्या थराला चिकटलाय. मला हे बहुतेक वेळा व्रणाच्या खालच्या टोकाला सापडतं. कातडी मोकळी आहे, पण रेघेच्या बाजूला दोन-तीन बोटांवर दोरखंडासारखा ताठ पट्टा हाताला लागतो आणि वाकताना तिथेच ताण येतो, हे स्नायूंचं लक्षण. आणि दुखणं चटका बसल्यासारखं, मुंग्यांचं, विजेसारखं चमकणारं असेल किंवा कुल्ल्यातून गुडघ्याखाली उतरत असेल, तर ते नसेचं.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा की निम्म्याहून जास्त भाग स्नायूंचा आहे. खोकताना, उठताना, वाकायला लागताना म्हणजे जिथे पाठीला अचानक काम पडतं तिथेच ओढ येते, नुसतं बसलेलं असताना नाही. मी क्लिनिकमध्ये पेशंट तपासणीच्या टेबलापर्यंत पोचायच्या आत हेच बघत असते. चप्पल न वाकता दुसऱ्या पायाच्या अंगठ्याने काढतात. खुर्चीच्या कडेला ताठ बसतात, पाठ टेकवत नाहीत. उठायच्या आधी श्वास रोखतात, एक हात आपोआप कमरेवर जातो. पाठीचे स्नायू दिवसभर असे आवळून धरले की संध्याकाळी ते दुखणारच, आणि दुखलं की माणूस आणखी आवळतो. ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे ही राखण गरजेची असते. दहाव्या आठवड्यात ती बरीचशी सवय झालेली असते.

म्हणून पहिला व्यायाम श्वासाचा, आणि तो ऐकायला फालतू वाटतो. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, एक हात पोटावर. नाकाने श्वास घेताना पोट वर येऊ द्या, तोंडाने सोडताना कंबर गादीत सैल सोडा. पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. हे जमलं की तोच श्वास हालचालींत आणायचा: खुर्चीतून उठताना श्वास सोडत उठायचं, पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळून, पाय खाली सोडत, हाताने रेटत, तेव्हाही श्वास सोडत. खोकला येतोय असं वाटलं की छोटी उशी पोटाशी धरून थोडं पुढे झुका आणि मग खोका. एवढ्यावरच बऱ्याच जणांची सकाळची ओढ कमी होते.

दुसरं वाकण्याचं. इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी. तुमचे दोन मणके जोडलेत, त्या दोघांमधली हालचाल परत येणार नाही आणि यायलाही नको, तेवढ्यासाठीच ऑपरेशन केलंय. पण माणूस खाली वाकतो तो मोठ्या प्रमाणात खुब्यातून. ते वाकणं शिकता येतं. घरातला लांब झाडू किंवा काठी पाठीला उभी लावा, डोक्याचा मागचा भाग, पाठ आणि माकडहाड तिन्हीला टेकलेली. आता गुडघे किंचित वाकवून कुल्ले मागे नेत पुढे झुका. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली तर तुम्ही खुब्यातून वाकताय. सुटली तर कमरेतून. सुरुवातीला ओट्यावर हात टेकवून करा. वॉशबेसिनवर तोंड धुताना हीच पद्धत वापरायची, कारण तक्रार मी सगळ्यात जास्त तिथलीच ऐकते. खालच्या कपाटातला कुकर काढणं, फरशी पुसणं, बादली उचलणं मात्र अजून दुसऱ्यावर सोपवा. जमिनीवर मांडी घालून बसणं आणि भारतीय पद्धतीचं संडास सर्जनला विचारूनच. वजन किती उचलायचं याचं बंधन प्रत्येक सर्जनचं वेगळं असतं, माझ्यापेक्षा त्यांचा आकडा पाळा. हाडं जुळायला कमीत कमी तीन ते सहा महिने लागतात, कधी वर्षही. तोवर भुजंगासन, सूर्यनमस्कार, पवनमुक्तासन, कंबर पिळणारं काहीही नको. व्हिडिओतली ताई कितीही गोड बोलत असली तरी.

चालणं हे या काळातलं सगळ्यात चांगलं औषध आहे. एकदम तासभर चालण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटांच्या तीन-चार फेऱ्या बऱ्या. आज जास्त झालं की कमी, हे ओळखायची माझी खूण अशी: व्यायामानंतर ओढ वाढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीसारखी झाली तर तेवढा व्यायाम चालेल. सकाळीही वाढलेलीच असेल तर थोडा कमी करा. बंद करू नका. बंद करून चार दिवस पडून राहिलं की पाचव्या दिवशीची ओढ जास्त असते.

आता चोळण्याकडे येते. वरच्या तपासणीत कातडी अडत असेल तर व्रणाची मालिश करा, पण काकू म्हणतात तशी नाही. जखम पूर्ण बंद, खपली नाही, ओल नाही आणि सर्जनने जागा एकदा बघून हो म्हटलेलं, एवढं असलं की सुरू करता येतं. अंघोळीनंतर खोबरेल तेलाचे दोन थेंब किंवा साधं मॉइश्चरायझर. दोन बोटं सपाट, वर सांगितल्यासारखी कातडी सरकवायची: आधी उभी, मग आडवी, मग छोटी वर्तुळं. दाब इतकाच की बोटाखालची जागा फिकी पडावी. दुखणं दहापैकी तीनच्या वर जाऊ द्यायचं नाही. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. जिथे कातडी आत खेचलीय तिथे थोडं जास्त थांबायचं. नंतर लाली राहिली तर तासाभरात जायला हवी. दुसऱ्या दिवशीही तांबडं असेल तर दाब जास्त झाला.

अशा मालिशने व्रण खरोखर किती बदलतो याचा भक्कम पुरावा नाही, हेही सांगून ठेवते. तरीही मी ती सांगते, कारण त्या जागेला स्पर्शाची सवय होते आणि माणूस आपल्याच पाठीला घाबरायचा थांबतो. जोरात चोळल्याने हे होत नाही, उलट कोवळा व्रण चिडून आणखी जाड होऊ शकतो. मालिशवाला, कप लावणारे, मसाज गन, "बसवून देतो" म्हणणारे हाडवैद्य यांना स्क्रू घातलेल्या पाठीपासून लांबच ठेवा. बाम आणि हळदीचा लेपही त्या रेघेवर नको.

व्रण उंच, टणक होत असेल तर सिलिकॉन जेल लावा. पट्टीही मिळते आणि ती दिवसाचे बारा तास तरी ठेवायची असते, पण आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमटपणात ती सुटते आणि खाली घामोळं येतं. म्हणून पावसाळ्यात मी जेलच सुचवते. दोन-तीन महिने चिकाटीने लावावं लागतं. व्रण मूळ रेघेची हद्द सोडून बाजूच्या चांगल्या कातडीवर पसरायला लागला तर तो केलॉइड असू शकतो. तो चोळून जात नाही, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. वाढतोय की नाही हे आठवणीवर ठरवू नका. दर रविवारी एकाच खिडकीशी, एकाच अंतरावरून मोबाईलने फोटो काढून ठेवा.

बायकांच्या बाबतीत डॉक्टरांच्या सहसा लक्षात न येणारी एक गोष्ट म्हणजे नाडी. परकराची किंवा सलवारची नाडी बरोबर एल४-एल५च्या व्रणावर बसते. दिवसभर घासते, घामाने ओली होते, त्यावर पट्टा आवळला की जागा चुरचुरतेच. गाठ बाजूला घ्या, नाडी व्रणाच्या वर किंवा खाली बांधा, शक्य तर काही महिने रुंद, सैल इलॅस्टिकचे कपडे घाला. कपड्याचा नुसता स्पर्शही सहन होत नसेल तर ते त्वचेच्या बारीक नसांचं काम आहे. तिथे रोज दोन-दोन मिनिटं आधी मलमलीचा तुकडा, काही दिवसांनी सुती ओढणी, मग टॉवेल असा हलका स्पर्श वाढवत न्यायचा. व्रणाच्या आजूबाजूला बधिर पट्टा असणंही नेहमीचं आहे. तो हळूहळू आकसतो, थोडा कायमचाही राहू शकतो. पण त्या बधिर जागेवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. गरम किती आहे ते तिथे कळत नाही. शेक घेता घेता फोड आलेल्या पाठी मी पाहिल्यात. शेकायचंच तर व्रण सोडून बाजूच्या स्नायूंवर, मधे टॉवेल ठेवून, दहा-पंधरा मिनिटं.

पट्ट्याबद्दल सर्जनशी बोला, आणि "कधी काढू" असं विचारण्यापेक्षा "कसा कमी करू" असं विचारा. त्यांनी परवानगी दिली की मी साधारण असं करते: आधी घरात बसलेलं असताना काढायचा, मग घरातल्या घरात चालताना, मग खाली फेरी मारताना. प्रवासात तो सगळ्यात शेवटी सुटतो. पट्टा काढल्यावर पहिले काही दिवस स्नायू थकतात आणि ओढ वाढल्यासारखी वाटते. त्यात बिघडलेलं काही नसतं.

गोळ्यांबद्दल मी मर्यादेतच बोलते. नसेच्या दुखण्यासाठी प्रीगाबालिन किंवा गॅबापेंटिन चालू असेल तर बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करायची असते. केमिस्टकडून आपल्या मनाने पेनकिलरही नको, कारण मणके जोडल्यानंतर काही सर्जन विशिष्ट पेनकिलर मुद्दाम टाळतात. आणि तंबाखू, सिगारेट, मशेरी यातलं काही असेल तर बंद. मशेरीला कोणी व्यसनात धरत नाही, पण निकोटीन त्यातही आहे आणि हाड जुळायला ते आड येतं.

जुलैचं ऑफिस. बसून काम असेल आणि सर्जनची हरकत नसेल तर बारा-तेरा आठवड्यांनी जाता येतं, पण पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळ नको. पहिले दोन आठवडे अर्धा दिवस किंवा दिवसाआड मागून घ्या, बाकी घरून. अर्ध्या तासाला उठून दोन मिनिटं चालायचं, फोनवर बोलणं उभं राहून. प्रवासात कळवा ते ठाणे हा छोटा टप्पाच जास्त जड जाईल, कारण भरलेल्या लोकलमध्ये चढण्या-उतरण्याची रेटारेटी तुमच्या हातात नाही. गर्दीच्या आधीची किंवा नंतरची गाडी धरा. ठाण्याहून ऐरोलीची गाडी तिथूनच सुटते, एखादी सोडली तर बसायला जागा मिळते. पावसात पुलाच्या जिन्यांवर चिखलपाणी असतं, तिथे सरकता जिना किंवा लिफ्ट, पायात पकड असलेली चप्पल, आणि डबा-लॅपटॉप खांद्याला एका बाजूला न अडकवता. रिक्षाने जाणार असाल तर खड्ड्यांच्या दिवसांत मागे टेकून, पाय घट्ट रोवून, एका हाताने दांडा धरून बसा आणि रिक्षावाल्या भाऊंना निघायच्या आधीच सांगा. ऐकतात ते.

नसेच्या व्रणाबद्दल दोन शब्द, कारण इंटरनेटवर वाचून पेशंट घाबरून येतात. मणक्याच्या आत नसेभोवतीही व्रण तयार होतो, प्रत्येकाच्याच, आणि एमआरआयमध्ये तो दिसला म्हणजे तोच दुखतोय असं नाही. बाहेरून चोळून तो हलत नाही. पायातली कळ परत सुरू झाली तर सर्जन कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलं जाणारं औषध) घालून एमआरआय सांगतात, त्यात व्रण आणि पुन्हा सरकलेली मणक्यांमधली गादी यातला फरक कळतो. तुमची पायाची कळ गेलेली आहे, त्यामुळे सध्या तुम्ही या वाटेला जायचं कारण नाही.

मात्र पुढचं काही दिसलं तर व्यायाम, मालिश सगळं सोडून त्याच दिवशी सर्जनला फोन: ताप आणि थंडी, जखमेतून पाणी किंवा पू, लाली पसरत जाणं, रात्री झोपू न देणारं आणि दिवसागणिक वाढणारं पाठदुखीचं ठसठसणं. जखमेतून स्वच्छ पाण्यासारखं झिरपणं आणि उठून बसलं की डोकं जबर दुखणं. पाऊल उचलायला अचानक कमजोरी. एका पोटरीला सूज आणि दुखणं. लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, बसायच्या जागेवर बधिरपणा, किंवा छातीत दुखून दम लागणं, यांत फोनचीही वाट न बघता थेट इमर्जन्सीत जायचं.

ओढ कधी जाणार, हा तुमचा शेवटचा प्रश्न. माझ्याकडे येणाऱ्यांत सहाव्या महिन्याच्या आसपास ती दिवसभर आठवेनाशी होते. लांब बसून उठलं की किंवा गार हवेत वर्षभर अधूनमधून जाणवते. वरचं सगळं नेमाने चार ते सहा आठवडे करूनही तसूभर फरक पडला नाही, तर जवळच्या फिजिओकडे प्रत्यक्ष जा, डिस्चार्ज समरी आणि शेवटचा एक्स-रे घेऊन. तोवर आज-उद्या कोणाकडून तरी ती दोन बोटांची तपासणी करून घ्या आणि कातडी कुठे अडते, कुठे नाही ते इथे लिहा. त्यावरून व्यायामात पुढे काय वाढवायचं ते सांगते.